मोझरीची म्हणून वाटलेली रेवडी

ये गं पोरी, इकडं सरक. तिकडं दाराशी काहून बसलीस पाव्हण्यासारखी? मागच्या खेपेला आलीस ती चपला पायात ठेवूनच. चहा अर्धा टाकलास, कानाला फोन तसाच धरून माझ्या पाया पडलीस आणि निघालीस. मी आशीर्वाद दिला तो तुला लागला की त्या फोनला, देव जाणे! म्हणून आता कागदावरच तुला जवळ बसवून घेते. इथून कशी उठून जातेस पाहू.

तू फोनवर काय बोलत होतीस ते मी सारं ऐकलं. म्हातारीचे कान तेवढ्यापुरते शाबूत आहेत. अमरावतीच्या तुमच्या त्या एआरटी सेंटरातल्या जागा कमी केल्या, गावोगाव फिरणाऱ्या तुझ्या मैत्रिणी घरी बसल्या, आणि तू कुणाला तरी चिडून म्हणत होतीस, “गोळ्या आहेत हो, पण पेशंटच्या दारापर्यंत जाणारं माणूस नाही तर त्या कपाटात ठेवून काय करू?” मी हातातली वाटी खाली ठेवली. हे बोलणं मी आधी ऐकलेलं होतं. पातूरला, आमच्याच ओसरीत, लग्न होऊन मला फार दिवस झाले नव्हते तेव्हा. तेव्हा तुमच्या ह्या एचआयव्हीचं नावही जगाला माहीत नव्हतं. आमच्या वेळचा रोग वेगळा होता. पण लाज तीच, आणि लपवणंही तेच.

आमच्या वेळी रक्तपिती म्हणत. आता कुष्ठरोग म्हणतात. आणि तो आमच्या घरात होता. कुणाला, ते सांगते. नीट बैस. तुझ्या आजीला.

हो, तुझ्या आजीला. माझ्या धाकट्या नणंदेला. तू लहानपणी तिची वाकडी करंगळी धरून विचारायचीस ना, “आजी, हे बोट असं काहून?” ती म्हणायची, खलबत्त्यात सापडलं. खलबत्ता बिचारा उगाच बदनाम झाला. जाण्याआधी मला म्हणाली, “वहिनी, पोरीनं असंच काम धरलं आहे. तिला खरं सांगून टाका.” म्हणून सांगते. माझ्या मनानं नाही सांगत.

झालं असं. एका सकाळी ती चुलीपुढं भाकरी टाकत होती आणि मी पाणी भरत होते. ती म्हणाली, “वहिनी, काही जळून राहिलं का?” मी पाहिलं तर तिचंच मनगट तव्याच्या काठाला टेकलेलं. कातडी करपून राहिली आणि ती इकडंतिकडं पाहते आहे, वास कुठून येतो म्हणून. मी हात ओढला तेव्हा ती हसली. तिला काही कळलंच नव्हतं. मग मनगटावरचा तो फिका चट्टा आम्हाला दिसला. दिसत तो आधीही होता, पण आम्ही त्याला उन्हाचा डाग म्हणत होतो.

त्या काळी सरकारचा एक माणूस सायकलवर गावोगाव फिरायचा. लोक त्याला चट्टेवाले भाऊ म्हणत. बाजाराच्या दिवशी तो दवाखान्याच्या पडवीत बसायचा, चट्टे तपासायचा, गोळ्या द्यायचा. पण पडवीत बसायची हिंमत किती जणांची? मग तो आमच्यासारख्यांच्या घरी यायचा. तुझे मामेआजोबा, म्हणजे माझे यजमान, शाळेत मास्तर, तेव्हा बहाणा सोपा होता. “मास्तर, पेपर आला का?” असं मोठ्यानं विचारत तो ओसरीत बसायचा आणि म्हणायचा, “बाई, पाणी द्या.” तुझी आजी पेला घेऊन यायची. पेला घेता घेता त्याची नजर तिच्या बोटांवर. पेला कसा धरला, करंगळी टेकली की नाही. मग खिशातून कबुतराचं पीस काढायचा, तिला डोळे मिटायला लावायचा आणि हातावरून फिरवायचा. “आता कळलं? आता?” पेपर घडी करून परत द्यायचा तेव्हा गोळ्यांची पुडी पेपराखाली राहिलेली असायची. गल्लीत कुणाला पत्ता नाही.

असं बरं चाललं होतं. चट्टा वाढायचा थांबला. सासूबाई तिच्यासाठी हळूहळू स्थळांचं बोलायला लागल्या.

चीनची लढाई होऊन गेली होती. सरकार खर्चाला कात्री लावून राहिलं असं मास्तर म्हणायचे, पण ती कात्री आमच्या ओसरीपर्यंत येईल असं कुणाला वाटलं? एक दिवस भाऊ आले ते बाजाराचा दिवस नसताना. पेपर मागितला नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, “मास्तर, माही जागा गेली. दवाखान्यातल्या नर्सबाईची बी गेली. गोळ्या येतीन, अकोल्याले ठेवतीन, अमरावतीले ठेवतीन. पन पेशंटच्या दारापर्यंत जानारं मानूसच नाई, तं गोळी कपाटात ठेवून करता काय?”

मग ते तुझ्या आजीकडं वळले. “बाई, एक आइका. गोळी तोडू नका. गोळी तुटली का बोट वाकते. अन् वाकलेलं बोट मंग आपलं आइकत नाई.”

सायकल घेऊन ते गेले. तुझी आजी पेला हातात धरून उभी होती, पाचही बोटांनी, घट्ट.

आता गोळ्या आणायच्या कुठून? अकोला जवळ. पण अकोला म्हणजे सासूबाईंचं माहेर. “त्या दवाखान्यासमोरच माह्या काकाचं दुकान हाये,” त्या म्हणाल्या. “पोरगी आत गेली का संध्याकाळपर्यंत साऱ्या अकोल्याले ठाऊक. मंग कोन करते तिले?” मास्तर म्हणाले, मग अमरावती. तिथं आपल्याला कोण ओळखतं? पण पातूरहून अमरावतीला बायका कशाला चालल्या म्हणून गल्ली विचारणारच. तेव्हा सासूबाईंनीच तोड काढली. “मोझरीच्या आश्रमात भजनाले चाललो म्हनून सांगू, अमरावतीपल्याडच तं हाये. देवाच्या कामाले कोन अडवते?”

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. कुणी विचारलं की त्यांना खोकला यायचा. म्हणून बोलायचं काम सासूबाईंकडं. आम्ही तिघी निघालो. अकोल्याच्या स्टँडवर बस बदलताना सासूबाईंनी पदर असा नाकापर्यंत ओढला, की त्या दुसऱ्याच बसमध्ये चढत होत्या, मी धरून खाली उतरवलं. अमरावतीला धर्मशाळेत मुक्काम केला, सकाळी पत्र्याच्या छपराखालच्या रक्तपितीच्या दवाखान्यातून गोळ्या घेतल्या. परत येताना सासूबाई एकदम थबकल्या. “अवं, प्रसाद?” मोझरीला जाऊन आलेलं माणूस रिकाम्या हातानं कसं येईल! मग स्टँडसमोरच्या दुकानातून रेवडी घेतली आणि गल्लीत ‘मोझरीचा प्रसाद’ म्हणून वाटली.

समोरच्या वकीलीणबाईंनी रेवडी कपाळाला लावली. “मायबाई! केवढं पुण्य तुमचं. आम्हालाही जायचंच आहे हो.”

आणि त्या खरंच गेल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्याकडून प्रसाद आला. रेवडी. मग देवळातले गुरव जाऊन आले. रेवडी. आमच्या गल्लीत एकाएकी एवढी भक्ती उतू गेली, की लेकरं शाळेतून येताना विचारायची, आज मोझरीहून कोण आलं? सासूबाईंनी एकदा वकीलीणबाईंची रेवडी चावून चावून पाहिली आणि मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, “अवं, खऱ्या मोझरीची रेवडी बी अशीच लागते गं. त्या दुकानदारानं तेथी बी दुकान टाकलं असंन का?”

मलाही तसंच वाटलं.

मग पाऊसकाळ लागला. नदी-नाले भरले, बस कधी यायची, कधी नाही. त्यात सासूबाईंच्या मनानं घेतलं की हात आता बरा झाला. “किती खेपा मोझरीले जायाचं? लोक म्हनतीन, पोरीले संन्यास देता का लग्न करता?” गोळ्या संपल्या. लग्नाचं बोलणं निघालं की पोरी बोलत नसत तेव्हा. श्रावण गेला.

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या. फराळाच्या करंज्या आमच्याकडं तुझ्या आजीच्या हातच्या. काठाला ती अशी मुरड घालायची, की गल्लीतल्या बायका एक करंजी पाहायला म्हणून घेऊन जायच्या. त्या वर्षी तेलात सोडली की करंजी उघडायची. एक उघडली, दुसरी उघडली, सारण तेलात पसरलं. सासूबाई ओरडल्या, “ध्यान कोठी हाये तुहं?” ती उठून माझ्याजवळ आली आणि हात पुढं केला.

“वहिनी,” ती म्हणाली, “करंगळी आइकत नाई.”

मी कढई चुलीवरून खाली उतरवली. मास्तर दारात उभे होते. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण म्हणाले, “महालक्ष्म्या उठल्या की निघायचं. कुणी विचारलं तर मोझरी सांगा, नाहीतर विलायत सांगा. निघायचं म्हणजे निघायचं.”

असे आम्ही पुन्हा त्या पत्र्याच्या छपराखाली जाऊन बसलो. मी, सासूबाई, तुझी आजी. तिघी पदर ओढून. बाकावर आमच्या पलीकडं एक बाई, तीही पदर ओढून, भिंतीकडं तोंड करून बसलेली. तिच्या पलीकडं एक म्हातारा, उपरण्यात डोकं खुपसलेला. मी म्हटलं, बिचारे, कुठले कोण असतील. इतक्यात दारातून नदीपल्याडच्या वस्तीतली एक बाई आत आली. आमच्या शेताशेजारी तण निंदायला यायची ती, घरातल्या सगळ्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतलेला. पदर खांद्यावर, तोंड उघडं, हातात भाकरीचं फडकं. तिनं एकदा बाकाकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

“अवं माय! सारं पातूर इथंच बसलं की! काहो मास्तरीणबाई, मोझरी आता इथीसा आली का?”

पलीकडच्या बाईचा पदर हलायला लागला. मला वाटलं रडते आहे. पदर खाली आला तर वकीलीणबाई, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. उपरण्यातून गुरवांचं डोकं वर आलं.

“मी तं नुसता पाय दाखवाले आलतो,” गुरव म्हणाले.

“पायच दाखवाले येते सारे इथं, महाराज,” ती बाई म्हणाली. “तोंड दाखवाले कोन येते!”

वकीलीणबाईंनी डोळे पुसले आणि सासूबाईंकडं वळून गंभीरपणे विचारलं, “रेवडी कोणत्या दुकानातून घेता हो तुम्ही?”

“स्टँडसमोरच्या,” सासूबाई पुटपुटल्या.

“आम्हीही तिथूनच.”

मग मात्र सासूबाईंनाही हसू आवरेना. अकोल्यात ओळखतील म्हणून एवढी लांबची वाट तुडवली, आणि गल्लीच्या गल्ली इथं एका बाकावर! नदीपल्याडच्या बाईला मी विचारलं, तुम्ही अकोला सोडून इकडं कशा? ती म्हणाली, “अकोल्याले आता एकच मानूस उरला. साऱ्या दिवसाची रांग, मजुरी बुडते. इथी बहीण रायते माही, भेट बी होते.” लपवायचं म्हणून ती आलीच नव्हती.

डॉक्टर म्हातारे होते. तुझ्या आजीची करंगळी त्यांनी उलटसुलट करून पाहिली. “उशीर झाला, पण हात गेला नाही,” म्हणाले. “करंगळी पुरती सरळ होईल असं मी सांगत नाही. बाकीची बोटं वाचतील. रोज तेल लावून ओढायची, गोळी एकही चुकवायची नाही. पुन्हा तोडलीत तर ही चारही बोटं तिच्या मागं जातील.” मग आम्हा सगळ्यांना एकत्र पाहून म्हणाले, “एका गावचे इतके? मग एवढी वणवण कशाला? सगळ्यांची कार्डं घेऊन आळीपाळीनं एकानं या, सगळ्यांच्या गोळ्या न्या. पण दर महिन्याला हातपाय तपासायला कुणी तरी हवं. माझ्याकडं पाठवायला माणूस उरला नाही.”

परतीच्या बसमध्ये आम्ही पहिल्यांदाच पदर न ओढता बसलो. तपासणार कोण, जमणार कुठं, लोकांना सांगणार काय, यावर खल चालला होता. आणि बोलल्या कोण? सासूबाई! “भजन,” त्या म्हणाल्या. “इतक्या खेपा मोझरीले जाऊन आलो अन् एकीले एक भजन येत नाई. लोक विचारतीन ना! बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीत भजन ठेवू. भजनाले जमलेल्याच्या हातावर गोळी पडते का प्रसाद, कोन पायते?”

सगळे खूश. तुझी आजी तेवढी हळूच म्हणाली, “अन् त्या?”

नदीपल्याडची बाई खिडकीशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “मी भजन नाई म्हननार,” ती सरळ म्हणाली. “आमी ते सोडलं. आमची वंदना अलग. पन गोळीले येईन. ओसरीवर बसू द्याचं का नाई, ते तुमी ठरवा.”

सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि बाहेर बघत राहिल्या. कापशीचा तलाव आला, गेला. मग बाहेरच पाहत त्या म्हणाल्या, “ओसरी मोठी हाये आमची.”

चट्टेवाले भाऊ तेव्हा अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झाले होते. मास्तरांनी निरोप धाडला, तर पहिल्या भजनाला सायकल मारत आले. आमचं भजन ऐकून म्हणाले, “रोग बरा, पन हे थांबवा!” मग खिशातून पीस काढलं. “आता हे काम तुमी करा. कोन शिकते?”

वकीलीणबाईंनी हात पदरात घेतले. गुरवांनी वर पाहिलं. मी हो म्हणाले आणि नदीपल्याडची बाई हो म्हणाली, दोघी एकदमच. भाऊंनी पीस तिच्या हातात दिलं. तिनं तुझ्या आजीचा हात घेतला, उलटा केला, आपल्या मांडीवर ठेवला, जशी आई पोरीची मेंदी पाहते तसा. “मीट डोळे बाई. कळलं का सांग.” आणि करंगळी धरून हळूहळू सरळ करायला लागली, तेल लावून, एकेक पेर.

सासूबाई खांबाशी उभ्या होत्या. तव्याच्या त्या सकाळपासून त्यांनी स्वतःच्या लेकीच्या हाताला हात लावला नव्हता. वाढायच्या त्या वरून, कपडे द्यायच्या ते खाटेवर ठेवून. ते सगळं त्यांच्या तोंडावर आलं. त्या तशाच आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता भांडण. तर तेलाची मोठी वाटी घेऊन बाहेर आल्या, त्या बाईशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मले दाखव कसं ओढाचं. रोजचं मी करतो.” उठताना त्या बाईला पाणी दिलं ते घरातल्याच पेल्यात. त्यांच्याकडून एवढंच यायचं होतं, आणि ते आलं.

भजन आम्ही सोडलं नाही. हळूहळू सुधारलंही. भाकरीचं पीठ चाळायची चाळणी आम्ही खंजिरी म्हणून वाजवायचो, पुढं खरी खंजिरी आली. आणखी दोन-तीन घरं आपण होऊन ओसरीवर यायला लागली.

पण एक ऐक, नाहीतर तू म्हणशील, बरं झालं मग, बायकांनीच केलं की सगळं. तसं नाही गं. एकदा गुरवांचं अंग तापानं फणफणलं, चट्टे लाल होऊन सुजले. आम्हाला काय कळणार? पीस फिरवून ते कळत नाही. अकोल्याहून भाऊ धावत आले म्हणून त्यांना वेळेत दवाखान्यात नेलं. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता, त्याच्या दारात जायचं आम्हाला सुचलंच नाही. त्याची पायाची बोटं गेली. भाऊ नोकरीवर असते तर गेले असते त्याच्या दारात. शेजार कितीही चांगला असला तरी तो पगारी माणसाची जागा घेत नाही. जागा ती जागाच.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात आरोग्य खात्याचे मोठे साहेब दौऱ्यावर आले आणि विश्रामगृहावर उतरले, तेव्हा आम्ही खंजिरी घेऊन गेलो. साहेबांना वाटलं, स्वागताचं भजन. ते हात जोडून बसले. भजन संपलं आणि वकीलीणबाई पुढं झाल्या. गावातल्या मोठ्या वकिलाची बायको, नऊवारीतली. वकीलसाहेब स्वतः तिथं उभे होते. बाईंनी निऱ्या घोट्यावर उचलल्या आणि नडगीवरचा चट्टा उघडा केला. सगळ्यांसमोर.

“साहेब, हा पाहा,” त्या म्हणाल्या. “गोळी घेते म्हणून हा एवढाच आहे. गोळी आणायला आम्ही देवाच्या नावानं खोटं बोललो. अजून किती दिवस बोलायचं? आमचा माणूस आम्हाला परत द्या.”

मागून तुझ्या आजीनं हात वर केला. मग नदीपल्याडच्या बाईनं. मग गुरवांनी पाय. वकीलसाहेब आधी जमिनीकडं पाहत होते. मग खाकरून आपल्या बायकोच्या शेजारी येऊन उभे राहिले. साहेब म्हणाले, “मी वर लिहितो.” असं सगळेच म्हणतात, म्हणून आम्ही फारशी आशा धरली नाही. पण त्यांनी लिहिलं असावं. बरेच दिवस गेले, आणि एका बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या पडवीत नवा माणूस येऊन बसला. आमचे भाऊ नव्हते ते, आणि हा निम्मा आठवडा दुसऱ्या तालुक्यात असायचा. तरी माणूस आला. त्या दिवशी पडवीत पहिली जाऊन बसली ती तुझी आजी. उघड्या तोंडानं. पेपर नाही, बहाणा नाही.

करंगळी पुरती सरळ झाली नाही. बाकीची चार बोटं वाचली. त्याच हातानं तिनं पुढं करंज्यांना मुरड घातली, थोडी जाडसर यायची एवढंच. तुझ्या आजोबांना लग्नाआधी सगळं सांगितलं होतं, मास्तरांनी, एकदाही न खोकता. आजोबा म्हणाले, “गोळी चालू आहे ना? मग झालं.” त्याच हातानं तिनं तुला न्हाऊ घातलं. विसरली असशील तू, तुझे केस विंचरताना तिला करंगळीची कधी गरज पडायची नाही.

तेव्हा आता तू चिड, पण हात टेकू नको. तुझ्या त्या घरी बसवलेल्या मैत्रिणींना सांग, आणि कुठल्या बाकावर कोण कोण पदर ओढून बसलं आहे ते एकदा पाहा. त्यातला एक तरी हसेल, आणि तिथून पुढं रस्ता निघतो. पण साहेबाला सांगायचं सोडू नका.

आणि ये लवकर. एकटी नको, त्या मैत्रिणींनाही आण. ही ओसरी पातूरच्याएवढी मोठी नाही, पण दाटीवाटीनं बसू. चपला बाहेर काढायच्या, फोन पिशवीत ठेवायचा. येताना स्टँडसमोर ते दुकान अजून असलं तर रेवडी घेऊन ये. दात नाहीत मला, पण चघळीन. कुणी विचारलं तर सांगीन, मोझरीची आहे.